अण्णांनी निवडलेला फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. सांगायचं होतं ते अण्णांना — माझ्या वडिलांना — आणि तेच राहून गेलं.

औशाच्या पुढं आमचं गाव. दहावीला चांगले मार्क पडले, तेव्हा पोरीला डॉक्टर करायचं म्हणून अण्णांनी मला लातूरला क्लास लावला, होस्टेलवर ठेवलं. निघताना एक फोन हातात दिला. बटणांचा, जाडजूड, वरच्या टोकाला टॉर्च. दुकानात त्यांनी आधी टॉर्च लावून बघितला होता, मग रिंग वाजवून.

"अंधारात दिसलं पायजे," म्हणाले, "अन् आवाज लांबवर गेला पायजे."

का, ते मला माहीत होतं. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती, नाही का? त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे अण्णा तरुण होते. दगडमातीखालून त्यांच्या धाकट्या बहिणीचा आवाज येत होता आणि हात कुठं घालावा ते काळोखात दिसत नव्हतं. उजाडेपर्यंत आवाज थांबला होता.

होस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत नांदेडची वैष्णवी होती. तिच्याकडं टचस्क्रीन. सगळ्या मुली तिच्या पलंगावर गोळा व्हायच्या, फोटो काढायच्या. क्लासच्या नोट्सही ग्रुपवर यायच्या — पण खरं सांगू? नोट्स ती मला हवं तेव्हा वाचायला द्यायची. नोट्ससाठी नव्हतंच ते. मला तसा फोन हातात धरून रस्त्यानं चालायचं होतं. त्यांच्यातली एक दिसायचं होतं. माझा फोन वाजला की मी उशीखाली दाबायची. वैष्णवी कधी हसली नाही. "छान आहे की गं, चार्जिंग तरी टिकतं," म्हणायची. तेच जास्त लागायचं.

मग मी काय केलं?

एका दुपारी बाथरूममध्ये बादली भरली आणि फोन आत सोडला. पडला नाही — सोडला. पाण्यात त्याचा उजेड थोडा वेळ राहिला. विझेपर्यंत मी बघत उभी होते.

रविवारी अण्णा आले. "पाण्यात पडला व्हय? पडू दे. मीच जुनाट घेऊन दिलता बघ." गंजगोलाईजवळच्या दुकानात मी वैष्णवीसारखाच फोन दाखवला. अण्णांनी विचारलं, "ह्याचं चार्जिंग किती दिवस पुरतंय?" दुकानदार हसला. मीही हसले.

तो फोन संध्याकाळपर्यंतच चालायचा.

दिवाळीच्या आधी एकदा तिन्हीसांजेला जमीन हलली. मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच. आम्ही मुली रस्त्यावर आलो — ओरडत, हसत, व्हिडिओ काढत. काढता काढता माझा फोन बंद पडला.

"घरी सांग की गं, माझ्यावरून लाव," वैष्णवी म्हणाली.

"सकाळी लावते."

गावात बातमी पोचली असेल, असं मनात आलं नाही का? आलं. पण चाललेली गंमत सोडवेना.

सकाळी गेटवर अण्णा उभे. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर आलेले, डोळे लाल. डोक्यावरून हात फिरवला, मग खांद्यावरून, दंडावरून — चाचपत, सगळी जागेवर आहे का बघत. मग म्हणाले, "लई लावला गं. बंद लागत व्हता."

"रेंज गेली होती, अण्णा."

दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"हाव, रेंजच गेली आसंल," म्हणाले. माझा क्लास चुकू नये म्हणून चहासुद्धा न घेता परत फिरले.

मी डॉक्टर झाले नाही. नांदेडला शाळेत शिकवते. अण्णा आता नाहीत. संध्याकाळी फोन वाजला की अजून वाटतं, त्यांचा असेल, "जेवलीस का?" विचारतील. एकदा तरी विचारावं. ते होते तोवर गावात कुणी त्या संध्याकाळचा विषय काढला की तेच माझी बाजू घ्यायचे — पोरीची काय चूक, रेंज गेल्ती.

रेंज गेली नव्हती. त्या संध्याकाळी रस्त्यावरची प्रत्येक मुलगी फोनवर आपल्या घरी बोलत होती.