पहिली येणारी बॅग

ही गोष्ट मी घरातही बोललेलो नाही. बायकोला एवढंच माहीत आहे की हैदराबादच्या एका दौऱ्यात काहीतरी बिनसलं, आणि तेव्हापासून मी विमानात सामान टाकत नाही, खांद्यावरच्या पिशवीत मावेल तेवढंच नेतो. तिला वाटतं, पाठदुखीमुळे. मी तिला तसं वाटू दिलंय.

मी पालघरला राहतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगांना लागणारी रसायनं बनवणारा एक कारखाना आहे. तिथला माल घेणाऱ्या गिऱ्हाइकांकडे जाऊन त्यांच्या तक्रारी सोडवायच्या, हे माझं काम. सारखं विमान. एकाच कंपनीच्या विमानांनी इतकी वर्षं फिरलो की त्यांनी मला गोल्ड कार्ड दिलं. कार्डात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. खरंच, काय एवढं? रांग वेगळी. पुढे सीट रिकामी असली तर फुकटात बिझनेस क्लास. आणि बॅगेला एक केशरी पट्टी — ती असली की बॅग सगळ्यांच्या आधी बेल्टवर येते. बाकीची माणसं ताटकळत असतात आणि आपण आपली बॅग उचलून चालू लागतो. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

काउंटरवरच्या मुली मला ओळखायच्या. बॅगेत रसायन, बॅटरी, पेट घेणारं काही आहे का, हा प्रश्न त्या माझ्याकडे न बघता विचारायच्या आणि मीही न बघता ‘नाही’ म्हणायचो.

ते ‘नाही’ दरवेळी खरं नव्हतं.

गिऱ्हाइकाला दाखवायचे नमुने रस्त्याने, रीतसर पाठवायचे असा आमच्याकडे नियम. त्यात दिवस जातात. एकदा घाई होती म्हणून मी एक बाटली कपड्यांत गुंडाळून नेली. कुणी हटकलं नाही. मग पुन्हा नेली. त्या वेळी झाकण पाझरलं आणि माझ्या शर्टाला भोकं पडली. हॉटेलच्या न्हाणीघरात तो शर्ट हातात धरून उभा होतो, बोटं चुरचुरत होती — तेव्हाच थांबायला हवं होतं, नाही का? मी शर्ट कचऱ्यात टाकला.

आता वैशालीबद्दल सांगतो.

वैशाली आमच्या लॅबमध्ये होती. नवापूरची, मांगेल्या कोळ्यांच्या घरातली. आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. हैदराबादच्या गिऱ्हाइकाचा माल रंग धरत नव्हता आणि त्याचं कारण वैशालीने शोधून काढलं होतं. तिनेच येऊन समजावून सांगावं, असं ठरलं. तिचा पहिला विमानप्रवास. बॅग शेजारणीची मागून आणलेली. सकाळी कारखान्याच्या फाटकाशी तिची आई तिला सोडायला आली होती. मला हात जोडून म्हणाली, “सायेब, पोर कदी लांब गेली नाय. तुमी हाव म्हून पाठवतंय.” मी म्हणालो, काळजी करू नका.

गाडी चिल्हार फाट्यावर चहासाठी थांबली. वैशाली हातपाय धुवायला गेली, ड्रायव्हर टपरीवर. मी दोन्ही बॅगा ठेवल्या होत्या तिथे, डिकीपाशी उभा होतो. तिथे काय झालं ते सांगतोच — जरा थांबा.

विमानतळावर मी म्हणालो, माझ्या कार्डावर तुझ्या बॅगेलाही केशरी पट्टी लावून घेऊ. तिला कोण आनंद झाला. काउंटरवरच्या मुलीने तो नेहमीचा प्रश्न विचारला. वैशालीने ‘नाही’ म्हणून मान हलवली, अगदी गंभीरपणे, शाळेत बाईंना उत्तर द्यावं तशी. मग माझं अपग्रेड झाल्याचं कळलं. एकच सीट होती. मी पुढे बसलो, ती शेवटून दुसऱ्या रांगेत गेली. मध्ये पडदा ओढला गेला.

विमान वर गेलं. गरम टॉवेल आला, संत्र्याचा रस आला. मी पायाखाली बघत होतो. खालच्या गालिच्याखाली, पत्र्याखाली, अंधारात सामान रचलेलं असतं. शेजारचा माणूस काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं. मागे पडद्यापलीकडे एक तान्हं मूल रडत होतं, आणि ते गप्प झालं की मला जास्त भीती वाटायची. झाकण मी घट्ट लावलं होतं का? बाटली पिशवीत घातली होती का? आठवेना. पण उठून कुणाला सांगितलं का मी? हवाईसुंदरी दोनदा येऊन काही हवंय का म्हणून विचारून गेली. दोनदा मी ‘नको’ म्हणालो.

हैदराबादला बेल्ट सुरू झाला. वैशाली धावत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. ढग वरून बघितल्याचं सांगत होती. पहिली बॅग आली, तिला पट्टी नव्हती. दुसरी आली. खोकी आली, बाळाची ढकलगाडी आली. विमानातली सगळी माणसं आपापलं सामान घेऊन निघून गेली आणि बेल्ट रिकामा फिरत राहिला. “सर, आपल्या तर पयल्या येनार होत्या ना?” तिने विचारलं.

आमच्या बॅगा का येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. चिल्हार फाट्यावर मी नमुन्याची बाटली तिच्या बॅगेत ठेवली होती. तिच्या घडी घातलेल्या साडीखाली, हात आत घालून. माझ्या बॅगेत मीटिंगसाठीचा नवा सूट होता — म्हणून. झाकण पाझरतं हे मला माहीत होतं, म्हणूनच तिच्या बॅगेत. तिला न विचारता, न सांगता.

तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला.

आम्हाला एका लहान खोलीत नेलं. टेबलावर तिची बॅग उघडी होती, साडी काळी पडून विरली होती. खोलीत तो वास — आमच्या वसाहतीचा, नाक जाळणारा. कोपऱ्यात खुर्चीवर विमानातलं सामान उतरवणारा एक लोडर बसला होता. त्याचे दोन्ही हात पाण्याच्या बादलीत होते. तो ओरडत नव्हता. फक्त त्याचे गुडघे हलत होते, सारखे. तशा वासात त्याने ती बॅग उचलली कशी? केशरी पट्टीच्या बॅगा आधी काढाव्या लागतात, म्हणून उचलली.

बाटली कुणाची, असं विमानतळाच्या अधिकाऱ्याने हिंदीत विचारलं. वैशालीने ती पाहिली आणि लगेच सांगितलं की आमच्या लॅबची आहे. खोटं बोलणं तिला सुचलंच नाही. मग ती बॅगेत कशी आली? अधिकारी माझ्याकडे वळला. मला काही माहीत आहे का?

मी म्हणालो, “बॅग त्यांची आहे. मला कल्पना नाही.”

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तिला कळलं. पण तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, शरम होती. आदल्या दिवशी तिनेच तसल्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. “सर, माज्याच हातून चुकून आली असंल,” ती म्हणाली. “माज्यामुळे तुमच्या नावाला बट्टा. माफ करा.”

तिला त्यांनी थांबवून घेतलं. माझी बॅग देऊन मला जायला सांगितलं आणि मी गेलो. मीटिंगला गेलो. तो नवा सूट घालून, तिने काढलेलं कारण मी उभा राहून समजावलं. लोकांनी हात मिळवले.

कारखान्यात मला साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, नवखी आहे, गडबडीत झालं असेल, फार कडक वागू नका. वैशालीला काढून टाकलं. पण मी तिची बाजू घेतली, असं सगळे म्हणाले. अजूनही म्हणतात. तिला आमच्या वसाहतीत पुन्हा कुठल्याही लॅबने घेतलं नाही. अशा गोष्टी इथे फाटकाफाटकाला माहीत होतात.

गेल्या हिवाळ्यात ती मला बोईसरच्या बाजारात दिसली. आईच्या जागेवर बसली होती, समोर सुके बोंबील. मी वळून जाणार होतो, पण तिने हाक मारली. माझी तब्येत विचारली, मुलांचं विचारलं. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “सर, एक विचारू? त्या मान्साचे हात बरे झाले का? तुमाला काय कळलं?”

मी कधीच चौकशी केली नव्हती. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही.

“बरे झाले,” मी म्हणालो. “पूर्ण बरे झाले.”

तिने डोळे मिटले. ओठ नुसतेच हलले, कुणाला तरी हात जोडले. मग म्हणाली, “माज्या मनात रोज ता येतं, सर. रोज. आईला पन सांगलां नाय.” समोर गिऱ्हाईक आलं, तसे डोळे पुसून तिने तराजू उचलला. मी बाजारातून बाहेर आलो आणि पालघरला घरी गेलो.