काश्मीर उतरवून सिहोरा टांगणारा माणूस

लग्नाच्या पाचव्या दिवशी पहाटे माझा नवरा मला अंथरुणात टाकून धुक्याचा फोटो काढायला पळाला.

नवी नवरी मी. सासूबाईंना विचारलं, हे कुठं गेले?

"गेला असन बोडीवर, धुकं पाहाले. आता तूच सांभाळ वं बाई, आमी तं हात टेकले." बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट मी लिहिणार नाही. टाइप नात करून राहिली, बोलणं माझं आहे.

ऐंशी साल उजाडायचं होतं. सिहोऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ. एक खोली, दोन लाइट आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर काश्मीर. बर्फाचे डोंगर, तळं, तळ्यात नाव.

पोरगी लग्नाची झाली की आधी ह्या पडद्यासमोर तिचा फोटो. काश्मीर गावात कोणीच पाहिलं नव्हतं, पण निम्म्या पोरींची लग्नं काश्मीरमध्ये जमली!

हे रोल आणायला भंडाऱ्याला जायचे. तिथल्या एका दुकानदाराला एकदा सांगून बसले की मला आमच्या बोडीवरच्या धुक्याचा पडदा करायचा आहे.

तो हसला. "तुमच्या झाडीपट्टीत फोटो काढासारखं हाय तरी काय? चिखल?"

एसटीतून उतरले ते तोंड पाडून. ताटावर बसले आणि तसेच उठले.

"सिहोऱ्याच्या माणसाले सिहोऱ्यासमोर उभा करीन. नाई जमलं तं स्टुडिओले कुलूप."

कुलूप! मग खायचं काय, गोटे? मी चांगलीच भांडले. पण हे एकदा बोलले की बोलले. बाजारातून खरंच कुलूप आणून खुंटीला लटकवलं.

तीन हिवाळे गेले.

धुकं दाट असलं की फोटोत नुसता पांढरा कागद. विरळ झालं की नुसतं शेत, धुकं गायब. शेजारी विचारायचे, "रामदासभाऊ, आज बी कोराच का?" हे तिथं हसायचे आणि घरी येऊन माझ्यावर चिडायचे. धुकं काय मी पाडत होते?

एक दिवस भाकरी थापता थापता मीच म्हटलं, "अवो, मले धूर कवा दिसते? काळ्या तव्यावरून जाते तवा. पांढऱ्या भिंतीवर दिसतच नाई. तुमच्या धुक्यात कोणाले तरी उभं करा."

हे ताडकन उठले. मग चप्पल न घालता निघाले.

बोडीला लागून सोमाजीबाबांचं शेत. त्यांना सांगून आले, "उद्या सकाळी बैल घेऊन रोज जाता तसेच बांधावरून जा. मी फोटो काढतो."

आता फोटो म्हटल्यावर आमचं गाव रोजच्यासारखं येईल का?

दुसऱ्या दिवशी मीही सोबत गेले. पाहते तर काय! सोमाजीबाबा कोऱ्या धोतरात, डोक्याला फेटा. आजी नव्या लुगड्यात, घरात होता नव्हता तेवढा दागिना अंगावर. दोन्ही सुना नटलेल्या. आणि बैलांवर पोळ्याच्या झुली, शिंगांना बेगड! सगळे धुक्यात एका रांगेत, हात अंगाला चिकटवून ताठ. श्वाससुद्धा रोखलेला.

"बाबाजी, मी रोजच्यासारखं म्हटलं होतं नं!"

"फोटोत रोजच्यासारखं कायले? रोज तं रोजच दिसतो."

हे ओरडले, समजावलं, हात जोडले. कॅमेरा वर गेला की रांग आणखी ताठ. रोलमध्ये दोनच फोटो उरले. तिकडं सूर्य वर येऊन राहिला, धुकं उठायला लागलं.

हे मटकन बांधावर बसले. "उद्यापासून कुलूप," एवढंच म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. तीन हिवाळे ह्या माणसाचा चहा मी पहाटे उठून केला होता!

मी पुढं झाले आणि जोरात ओरडले, "झाला हो फोटो! छान आला! जा आता घरी!"

रांग सुटली. सोमाजीबाबांनी फेटा काढून त्या थंडीतही घाम पुसला. सुना खिदळल्या. आजींनी पदर सारखा केला. पाठ फिरवून सगळे बांधावरून घराकडं निघाले, झुली घातलेले बैल मागोमाग. पुढचा पुढचा माणूस धुक्यात पुसट होत गेला.

"आता काढा नं! बसले काहून?"

खट्.

खट्.

दुपारी हे डार्करूममधून ओला फोटो घेऊन बाहेर आले आणि सासूबाईंसमोर मला उचललं. सासूबाई म्हणाल्या, "लाज हाय का रे, मेल्या!" पण त्याही हसत होत्या.

नागपूरहून तो मोठा करून आणला, पट्ट्या पट्ट्यांत. खळ मी शिजवली, प्लायवूडवर दोघांनी चिकटवला. काश्मीर गुंडाळून माळ्यावर.

पहिला महिना कोणी फिरकेना. "घरचा बांध सोडून बांधाच्या फोटोसमोर कायले उभं राहू?" मला सारखं खुंटीवरचं कुलूप दिसायचं.

मग रेखा आली. सोमाजीबाबांची नात. लग्न ठरलेलं, सासर बालाघाटकडं. हे काश्मीर काढायला माळ्यावर चढले, तशी म्हणाली, "नोको काका. काश्मीर नेऊन मी काय करू? मले माहं गाव न्याचं हाय."

आणि ती धुक्यासमोर उभी राहिली.

त्या लगीनसराईत स्टुडिओबाहेर रांग लागली, रांग! सासरी निघालेली पोरगी गाव सोबत घेऊन जायला लागली. कुलूप मी धानाच्या कोठीला लावलं.

पुढं तो भंडाऱ्याचा दुकानदार कोणाच्या तरी लग्नाला आला. स्टुडिओत डोकावला, तो पडद्यासमोर थबकला. "वा! हे कुठलं हो, हिमाचल का?"

"नाई," हे म्हणाले. "चिखल हाय. आमचाच."

तसं फुललेलं तोंड मी ह्यांचं मुलगा झाला तेव्हाही पाहिलं नव्हतं!

तेरवीला रेखा आली होती. केस पिकले पोरीचे. पिशवीतून तोच फोटो काढला. म्हणाली, "काकू, इतके वर्ष झाले, सकाळी उठून मी पहिले हेच पाहाते."

शेवटच्या दिवसांत हे पहाटे उठून बसायचे. "धुकं पडलं का वं?" विचारायचे. मी म्हणायचे, निजा गुमान.

चुकलंच माझं. आज सांगते.

पडलं होतं. तुम्ही काढलं. साऱ्या गावानं पाहिलं.

झाला हो फोटो. छान आला.

जा आता घरी.