परवाची बैठक

आमच्या पंपांच्या कारखान्यात पूर्वी टेलिफोनचा मोठा बोर्ड होता. त्यामागे ज्या बसायच्या त्या बोर्डकाकू. सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले तसा बोर्ड भंगारात गेला. काकू मात्र त्याच खुर्चीवर राहिल्या आणि कारखान्यातल्या सगळ्या बैठका आपोआप त्यांच्याकडे आल्या. कुणाला खोली हवी, कुणाला चहा, कुणाला चार गावचे चार विक्रेते एका दिवशी एका टेबलाभोवती, सांगायचं काकूंना.

माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी ड्रॉइंग विभागातली, पण तिथे जागा नाही म्हणून स्वागतकक्षात बसते. त्यामुळे काकूंचं काम रोज कानावर पडतं. कानावरच, कारण काकू लिहीत काहीच नाहीत. सगळं फोनवर.

"शेठ, गुडघा कसा आहे? मग तुम्हाला खालच्या मजल्यावरची खोली सांगते. जिने चढायचे नाहीत, सांगून ठेवते."

वर्षातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे विक्रेत्यांचा मेळावा. साठ माणसं, एक दिवस. यंदा विक्रीचे साहेब नवे आले होते. वयाने माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठे, आणि त्यांना प्रत्येक गोष्ट ईमेलवर हवी असायची.

"काकू, हॉल ठरल्याची मेल कुठाय?"

"मेल कशाला? माझं बोलणं झालंय ना!"

"बोलण्याची प्रत निघत नाही, काकू."

"माझ्या डोक्यात आहे की प्रत."

साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "यंदाचा मेळावा तुम्हीच करा. पण काही गडबड झाली, तर पुढच्या वर्षीपासून हे काम बाहेरच्या कंपनीला जाईल आणि तुम्ही जुन्या फायलींच्या खोलीत."

त्या खोलीत फोन नाही. 

मेळावा गुरुवारी होता. स्टेशनजवळच्या हॉटेलचा हॉल ठरलेला. त्याच हॉलमध्ये आधीच्या रविवारी आमच्या फिटर लोकांची एक छोटी बैठक होती, ती ऐनवेळी रद्द झाली. रविवारी हॉटेलात फोनवर फक्त पहारेकरी मिळाला, म्हणून मंगळवारी काकूंनी व्यवस्थापकाला मुद्दाम फोन केला. मी शेजारीच होते.

"अहो, ती परवाची आमची बैठक रद्द झाली बरं का. तेवढं वहीत लिहून टाका."

पलीकडून "अरेरे!" असं ऐकू आलं.

"चांगला माणूस आहे हो," काकू फोन ठेवत म्हणाल्या. "एवढ्याशा गोष्टीचं त्याला वाईट वाटलं."

गुरुवारी सकाळी साडेआठला आम्ही दोघी बॅनर आणि साठ फायली घेऊन हॉटेलात पोचलो. काकूंनी हॉलचं दार ढकललं आणि तिथेच थबकल्या. आत पन्नासेक माणसं चटयांवर उताणी पडली होती. डोळे मिटलेले, हातपाय सैल. समोर बसलेल्या योगशिक्षिकेने ओठांवर बोट ठेवलं.

व्यवस्थापक चवड्यांवर पळत आला. मग जे भांडण झालं ते सगळं कुजबुजत झालं.

"आमचा हॉल आहे हा!"

"तुम्हीच रद्द केलात, काकू!"

"मी? मी कधी?"

"मंगळवारी. परवाची बैठक रद्द, म्हणालात."

"अहो, परवाची म्हणजे रविवारची!"

"मंगळवारी परवा म्हटलं, तर गुरुवारच ना?"

"झालेला परवा, मेल्या!" हे शेवटचं जरा मोठ्यानेच झालं. पहिल्या ओळीतल्या एका आजोबांनी एक डोळा उघडला आणि मिटून घेतला.

त्या माणसाने 'अरेरे' का म्हटलं, ते मला आत्ता कळलं. काकूंनाही कळलं असावं. त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या. "एकाच शब्दात मागचा दिवस आणि पुढचा दिवस," त्या म्हणाल्या. "कुणी केली असेल ही भाषा?"

"काकू, चूक त्याचीही आहे. त्याने तारीख विचारायला हवी होती."

"मी सांगायला हवी होती. त्याच्या गळ्यात नको घालायला." त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊला दहा कमी. विक्रेते दहाला येणार होते. जेवण एक वाजता याच हॉटेलातून यायचं होतं; ते स्वयंपाकघराच्या वेगळ्या वहीत होतं, म्हणून तेवढं रद्द झालं नव्हतं. काकूंनी पर्समधून मोबाइल काढला.

पहिला फोन आमच्या जोडणी विभागाच्या मिस्त्रींना.

"मिस्त्री, आज दहापासून यंत्रं बंद. मधली जागा मोकळी करा. झाडून घ्या."

"साहेबांना विचारलंत?"

"विचारते. तुम्ही झाडू तर उचला."

दुसरा फोन साहेबांचा. मला वाटलं आता काकू काहीतरी सबब सांगतील. त्यांनी सरळ सांगितलं. "साहेब, हॉल गेला. चूक माझी. परवा म्हणाले, तारीख नाही सांगितली. मेळावा कारखान्यात घेते आहे. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, कारण यापुढचे साठ फोन करायला मला तासभर लागेल."

मी मनातल्या मनात फायलींच्या खोलीतली धूळ पुसून टाकली. मग साहेब म्हणाले, "करा."

रिक्षात बसून काकूंनी फोन सुरू केले. एकदाही नाव विचारावं लागलं नाही. नुसतं 'हॅलो' ऐकलं की पुढे सुरू.

"कुठवर आलात? पूल ओलांडला? मग स्टेशनकडे वळूच नका, सरळ कारखान्यावर या... हो, जागा बदलली... नाही हो, बुडाली नाही कंपनी!... शेठ, पायरी एकही नाही, गुडघ्याची काळजी नको. तुमचे शेजारी मागच्या गाडीत असतील, त्यांना पण सांगा. काय? बोलत नाही तुम्ही त्यांच्याशी? बरं, मी सांगते."

दहा वाजून पाच मिनिटांनी साठातले सत्तावन्न जण जोडणी विभागात होते. खुर्च्या वीसच निघाल्या, बाकीचे पंपांच्या खोक्यांवर बसले. पडदा हॉटेलातच राहिला होता. साहेबांनी चाळीस स्लाइड्स बनवल्या होत्या. भिंतीचा रंग हिरवा, त्यामुळे त्यांच्या विक्रीच्या आलेखाला शेवाळ आल्यासारखं दिसत होतं. सातव्या स्लाइडला साहेबांनीच हात टेकले.

"काही प्रश्न?" त्यांनी विचारलं.

गुडघेवाले शेठ खोक्यावरूनच म्हणाले, "प्रश्न कसला, बारा वर्षांची तक्रार आहे. दुरुस्तीनंतर तुमचा पंप गळतो."

सगळीकडून "आमच्याकडेही" सुरू झालं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवर टांगलेल्या पंपाच्या ड्रॉइंगकडे. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या मिस्त्रींनी एक उघडा पंप उचलून शेठच्या पुढ्यात ठेवला. "तुमचा माणूस हे रबराचं सील कसं बसवतो, दाखवा."

शेठने बसवून दाखवलं.

"उलटं! ही ओठासारखी कड पाण्याच्या बाजूला यायला हवी."

"असं होय! मग हे सांगितलं का नाही कुणी?"

मिस्त्री म्हणाले, "मला भेटलात कधी तुम्ही?"

त्यानंतर मेळावा साहेबांच्या हातात राहिलाच नाही. चार टेबलांवर चार पंप उघडले. कोट काढून ठेवलेले विक्रेते बाह्या वर करून सील बसवायला शिकले. जेवण आलं तेव्हा हात धुवायला रांग लागली होती आणि काळ्या ग्रीसचे ठसे सत्तावन्नही फायलींवर उमटले होते.

सगळे गेल्यावर काकू साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"फायलींच्या खोलीत कधीपासून बसू?"

"बसा आधी," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षीचा मेळावा तुमच्याकडेच आहे. तारीख आणि जागा मात्र लेखी हवी. त्यात सूट नाही."

"देईन. ही लिहून देईल," काकूंनी मान वळवून बाहेर बसलेल्या माझ्याकडे बोट केलं. "पण माझंही एक आहे. इतकी वर्षं मी मेळावा भरवते आणि दाराबाहेर बसते. विक्रेत्यांची प्रत्येक तक्रार आधी माझ्या कानावर येते. गळतीचं मी तुमच्या आधीच्या दोन साहेबांना सांगितलं होतं. पुढच्या वेळी मला आत दहा मिनिटं बोलायला हवीत."

साहेबांनी पेन उघडलं. "विषय काय लिहू?"

"तक्रारी, असाच लिहा. आणि वेळ जेवणाआधीची द्या, साहेब. नंतर सगळे पेंगतात."

"दहा मिनिटांत होईल?"

काकूंनी क्षणभर हिशेब केला. "वीस लिहा," त्या म्हणाल्या.