दिंडोरीच्या स्टुडिओतली नवी विंडोज
संगणकाचं कॅबिनेट उघडल्यावर तापलेल्या धुळीचा वास आला, की मला दिंडोरीतला लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आठवतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि सुट्टीत तिथं व्हिडिओचं मिक्सिंग शिकायचो. मालकांना नवी विंडोज हवी होती. मी चाचरत म्हणालो, “दादा, कॅसेटवरचं शूटिंग संगणकात घ्यायचं आणि परत कॅसेटवर काढायचं आपलं कार्ड तिच्यावर चालतं का, आधी बघू या.” “लय शिकला तू! टाक सीडी.” मी टाकली. कार्ड बंद पडलं, एका लग्नाची फिल्म संगणकातच अडकली, आणि मूळ कॅसेटवर नेहमीप्रमाणे पुढच्या लग्नाचं शूटिंग करून झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच लग्नातल्या नवरीचा भाऊ आला. लग्नानंतर आठवड्यातच त्याचे वडील वारले होते. “आईनं अन्न सोडलंय. तिला फिल्ममध्ये आमच्या बापूंना एकदा बघायचंय. कॅसेट दे!” मालक म्हणाले, “फिल्म संगणकात अडकलीय, दोन दिवस थांब ना भाऊ.” त्यानं कॅमेऱ्याचा लोखंडी स्टँड उचलून त्यांच्या डोक्यात घातला. कीबोर्डवर रक्त सांडलं. मग तो माझ्याकडे वळला. मालक आडवे आले, “त्याला नको मारू. त्यानं सांगितलं होतं मला.” पुढचा घाव त्यांनी हातावर घेतला, आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आज कुणी माझ्याकडे दुरुस्तीला संगणक घेऊन आलं, की त्याला हात लावण्याआधी मी विचारतो, “ह्यात कुणाचं काय आहे?”