शेवटच्या कडव्यातलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कारखान्यात बारा वर्षं ज्याच्या शेजारच्या मशीनवर उभा आहे त्या दोस्तालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर ते मोबाइलवरच्या एका गाण्यामुळं – म्हणजे चुकीचंच ओळखता.

आधी माझ्या वेडाबद्दल सांगू द्या. वेळ काढतोय असं वाटेल. काढतोयच.

मी राहतो हर्सूलला, कामाला वाळूजला. आणि जीव गुंतलेला शालनताईंच्या गायन पार्टीत. पार्टी म्हणजे पुढं ताई, मागं ढोलक, बेंजो, ऑक्टोपॅड आणि कोरसला दोन मुली. भीमगीतं गातात. कॅलेंडरात जयंती एका दिवसाची असते, आमच्याकडं ती दीड-दोन महिने चालते. प्रत्येक गावाला शालनताईच पाहिजे असतात आणि ताई तर एकच. मग गावं आपापली तारीख पुढं ढकलत बसतात. ताईंची गाडी आज पैठणकडं, उद्या फुलंब्रीला, परवा कन्नडच्या बाजूला, आणि तिच्या मागं मोटरसायकलवर मी. एप्रिल लागला की पाळी बदलून मागायला मी सुपरवायझरच्या टेबलाशी जायचो आणि तो मान वर न करताच ‘जा’ म्हणायचा.

कुठल्या गाण्यात ताई कुठं श्वास घेतात हे मला पाठ होतं. घसा बसला की त्या कुठलं गाणं गाळतात, खूश असल्या की कुठली ओळ तीनदा घेतात, हेही. बेंजोवाल्याची तार तुटायची वेळ आली की मला त्याच्याआधी कळायचं. बायको म्हणायची, एवढं लक्ष घरात दिलं असतं तर नळ तरी गळायचा थांबला असता. खरं होतं तिचं.

आणि ताई? ताईंना माझं नाव माहीत नव्हतं. ‘ते वाळूजवाले दादा’ – एवढीच माझी ओळख. कधी पाण्याची बाटली पुढं केली की हसायच्या. मी त्या हसण्यावर आठवडा काढायचो. पण नाव नाही. लागलं होतं मला ते – आता कबूल करायला काय जातंय?

आमच्या गाण्यांत एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव येतं. ऐकणारा सगळं गाणं ऐकतो आणि शेवटी त्याला कळतं की हे कुणी रचलंय. ज्याचं नाव असं गाण्यात बसलं त्या माणसाची वस्तीतली चाल बदलते हो. मी पाहिलंय. मलाही तसं चालायचं होतं.

म्हणून मी लिहून बघितलं. दोन वह्या भरल्या. पण माझं गाणं म्हणजे मिरवणुकीच्या मार्गाची सूचना. इथून निघेल, तिथं पोचेल, सर्वांनी शिस्त पाळावी. स्वतःला ऐकवतानाही लाज वाटायची.

गाणी सुचायची ती आत्याला. कौसाआत्या, माझ्या वडिलांची मोठी बहीण. कन्नडच्या पुढं घाटाकडं तिचं गाव. शाळेचं तोंड पाहिलं नाही तिनं, सही म्हणजे अंगठा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपलं आणि खुरपता खुरपता गाणी रचली. ती एक ओळ टाकायची, शेजारच्या पातीवर खुरपणाऱ्या बाया ती उचलायच्या. कागदाचा संबंधच नाही. माझी आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. दहावीपर्यंत मी आत्याकडंच राहिलो. तिनं मला शाळेत घातलं, वह्या घेऊन दिल्या. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे पुढचं किती वाईट आहे ते तुम्हाला नीट कळेल.

तिचं एक गाणं होतं, शाळेत निघालेल्या पोरीचं. बाबासाहेबांमुळं ही वाट उघडली असं त्यात यायचं, पण भाषणासारखं नाही. पोरीची वेणी, पोरीची पाटी, चिखलात रुतलेली चप्पल. आणि शेवटी – ‘सांगे कौसा, पोरी गं, अक्षर सोडू नको.’ माझ्या दोन वह्यांत अशी एक ओळ नव्हती.

चार वर्षांपूर्वी आत्या मला म्हणाली, “राजू, तुझी त्या ताईशी वळख हाये ना? मपलं एवढं गाणं दे की तिला. शेवटाला मपलं नाव राहू दे, बास. दुसरं काय नको.”

मी तिच्या पुढ्यात बसून गाणं उतरवून घेतलं. ती ओळ सांगायची, मी लिहायचो, मग वाचून दाखवायचो. तिनं कागद हातात घेतला आणि विचारलं, यात मपलं नाव कुठं हाये? मी बोट ठेवून दाखवलं. बराच वेळ ती त्या दोन अक्षरांकडं बघत राहिली.

घरी येऊन मी ते गाणं चांगल्या कागदावर उतरवायला बसलो. शेवटच्या कडव्याशी आलो – आणि थांबलो. कौसा. राजू. दोन्ही दोन अक्षरी, चालीत कुठंच अडत नाही. आधी पेन्सिलीनं लिहून पाहिलं, नुसतं कसं दिसतं ते बघायला. ‘सांगे राजू, पोरी गं.’ गुणगुणून पाहिलं. मग पेननं गिरवलं.

मोहात वाहवत गेलो, असं म्हणता आलं असतं. नाही गेलो. शांत डोक्यानं केलं. पुरावा देतो. मधल्या कडव्यात एक ओळ होती – ‘मी राहिले बांधावर, तू पुढं जा.’ आत्याची स्वतःची. आता राजू कशाला बांधावर राहील? राजू तर शिकला होता. तिथं मी ‘माय राहिली बांधावर’ असं केलं. म्हणजे गाण्यात ती दोनदा होती, तिला दोन्हीकडून काढलं. आणि काढलं कशानं? तिनंच शिकवलेल्या हातानं.

वाळूजच्या कार्यक्रमाआधी कागद ताईंना दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, मी म्हणून दाखवलेली चाल ओठातल्या ओठात धरली, आणि विचारलं, “राजू कोण?”

“मीच,” म्हणालो.

त्या दिवशी ताईंनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. खोटं बोललो याचं वाईट वाटायला हवं होतं ना? मला फार आनंद झाला. घरी येऊन मी नळ दुरुस्त केला, एवढा आनंद.

गाणं चाललं. चाललं म्हणजे काय, त्या मोसमात त्याशिवाय कार्यक्रम उठेना. पोरींच्या आया डोळे पुसायच्या. व्हिडिओ निघाला, खाली ‘गीत : राजू’. ताई मला नावानं हाक मारायला लागल्या. गावोगावी मला पुढं बसवायचे, माझ्या गळ्यात हार पडायचा. कारखान्यात सुपरवायझरनं चहा पाजला. आणि आत्याला मी सांगितलं, ताईंनी गाणं ठेवून घेतलंय, यंदा नवीन गाणी आधीच बसवून झालीत, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या.

हे मी तिला तीन वर्षं सांगितलं.

थांबा, एवढ्यावर भागलं नाही. आत्याच्या गावची पोरं दर वर्षी माझ्याकडं यायची, शालनताईंची तारीख मिळवून द्या म्हणायची. तुमच्याच आत्याचं गाव, तुमचा शब्द ताई मोडणार नाहीत. मी म्हणायचो, तारखा भरल्यात रे. ताईंना कधी विचारलंच नाही. त्यांची गाडी त्या गावाच्या फाट्यावरून पुढं जायची आणि मी मागून माझी मोटरसायकल दामटायचो. अख्ख्या गावाला मी ताईंविना जयंती करायला लावली, का तर एका बाईच्या कानावर एक ओळ पडू नये म्हणून.

तिच्या कानावर आधीच पडली होती का? गावात मोबाइल नाहीत असं थोडंच आहे. विचारायची हिंमत मला झाली नाही.

गेल्या वर्षी पोरांनी मला टाळून ताईंना गाठलं, आणि ताईंनी त्यांना लगेच तारीख दिली. मला कळलं ते ढोलकवाल्याकडून. नाही गेलो तर सगळे विचारणार, म्हणून गेलो. ऊन उतरता उतरता कार्यक्रम सुरू झाला. समाजमंदिरापुढं ताडपत्र्या टाकलेल्या. बाया पुढं, आणि बायांत पहिल्या रांगेत आत्या, धुवट पांढऱ्या लुगड्यात. मी स्टेजच्या बाजूला खुर्चीवर.

ताईंनी गाणं धरलं. पहिल्याच ओळीला बाया गायला लागल्या. त्यांना शिकवायला नको होतं. वीस-वीस वर्षं त्यांनी ते खुरपताना म्हटलेलं होतं. मी कागदावर नाव बदललं, पण त्या बायांनी कागद कधी पाहिलाच नव्हता. हे माझ्या डोक्यात का आलं नाही? शिकलेला माणूस ना, मला वाटलं गाणं कागदावरच असतं.

शेवटचं कडवं आलं. माइकवरून ताई म्हणाल्या ‘सांगे राजू’, आणि खालून साऱ्या बाया एका आवाजात म्हणाल्या – ‘सांगे कौसा’.

ताईंनी हातानं ढोलक थांबवलं. हसत विचारलं, “कौसा कोण गं बायांनो?” सगळ्या बायांनी आत्याकडं बोटं केली. मग ताईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. कोरसच्या मुलीनं माइक माझ्या हातात आणून दिला.

खरं सांगायची एवढी सोपी संधी कुणाला मिळत नाही. माइक हातात, गाव पुढ्यात, ताई ऐकतायत, आत्या समोर. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, कौसा माझी आत्या. गाणं माझं आहे, मी ते तिला आधी ऐकवलं होतं. गावातल्या बाया तिच्या प्रेमापोटी तिचं नाव घेतात.

एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “नाय, नाय.” ताई आत्याकडं वळल्या. “मावशी, खरं का?”

आत्यानं माझ्याकडं बघितलं नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, “व्हय ताई. पोराचंच हाये.”

टाळ्या वाजल्या. ताईंनी शेवटचं कडवं पुन्हा घेतलं, माझ्या नावानं. या वेळी खालून कुणीच म्हटलं नाही. माइकवरून ताईंचा एकटीचा आवाज आला. मग गावच्या जयंती कमिटीनं मला शाल दिली. मी ती घेतली.

रात्री आत्याकडंच राहिलो. सकाळी निघताना तिनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी गाडीला किक मारणार तेवढ्यात म्हणाली, “लई गोड आवाज हाये रे ताईचा. तिच्या तोंडून मपलं नाव ऐकायचं व्हतं एकदा.”

रागानं नाही म्हणाली. पाऊस पडायला पाहिजे होता म्हणतात ना, तसं म्हणाली. मी “येतो” म्हणालो आणि निघालो.

यंदाची जयंती संपत आली. गाणं रोज होतंय. काल फुलंब्रीजवळ झालं, मी पुढं बसलो होतो. ताईंनी शेवटच्या कडव्यात माझं नाव घेतलं, लोक माझ्याकडं वळून बघायला लागले, आणि मी उठून हात जोडले.