भावकीतला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. भावकीचा विषय निघाला की मी एका मित्राचे विनोद सांगतो आणि तिथेच थांबतो.

तो कोणाच्या घरी पाणी मागत नसे. स्वतःची बाटली कायम काखेत. विचारलं तर म्हणायचा, "कोनाच्या घरचा गिलास कायले अडचणीत टाकू?" मी हसायचो.

अकोल्याच्या जुन्या शहरातला अश्फाक देशमुख. मीही देशमुख, पण हिंदू. वऱ्हाडात मुसलमानांतही देशमुख आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं; दारात कोणी उभं राहिलं की आठवत नाही. नोकरीमुळे आम्ही दोघे अमरावतीत खोली शोधत होतो. घरमालकीण काकूंनी फक्त आडनावं विचारली आणि खुलल्या; पुढेही त्या दोघांना देशमुखच म्हणत. "एकाच भावकीतले काय रे?" तो काही बोलणार, तेवढ्यात मी 'हो' म्हणून मान हलवली. जिना चढताना तो म्हणाला, "तुह्या देशमुखाले दार उघडते, माह्या देशमुखाले नाव पुसते." तेव्हापासून आम्ही एकमेकांना भावकीच म्हणू लागलो.

वरूडहून कोणी येणार असलं की तो काकूंसाठी संत्री मागवायचा. काकू मला टोमणा मारायच्या, "पाहून घे, खानदान चेहऱ्यावर दिसते." तो खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून हसायचा.

एका दुपारी त्याची अम्मी डबा घेऊन आली. बुरख्यातली बाई अश्फाकची खोली विचारतेय म्हटल्यावर काकूंनी तिला वर पाठवलं आणि मला आत बोलावलं.

"तुले माहीत होतं काय रे?"

"नाही काकू. मलाही आजच कळलं."

मागे वळलो तर तो जिन्यात उभा, हातात बाटली. संध्याकाळी बॅग उचलताना एवढंच म्हणाला, "येतो भावकी. काकूचं पाहाजो." मी मात्र त्याच खोलीत राहिलो, लग्न होईपर्यंत.

मागच्या वर्षी तो गेला. मी अकोल्याला पोचलो तोवर माती झाली होती. अम्मी म्हणाली, "तूच काय त्याचा भावकी? अंदर ये बेटा." ऑफिस लांब पडतं म्हणून खोली सोडली, असं त्याने तिला सांगितलं होतं. तिने पाण्याचा गिलास पुढे केला. मी प्यालो.

अजूनही माझं आडनाव ऐकून कोणी "या, बसा" म्हणालं की मला जिन्यात कोणी उभं असल्यासारखं वाटतं.

काकू त्याच घरात आहेत. मला माहीत होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आणि खोली खरी का सुटली, हे अम्मीलाही नाही.