चौथीच्या वर्गात नाना बसला

शाळेतले किस्से साचतात शिपायाकडे. हेडमास्तरांकडे नुसते कागद साचतात! मी सातवी नापास, पण पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत तीस वर्षं शिपाई होतो. रिटायर झालो तरी रोज फाटकापाशी बसतो, आणि चौथीचा इतिहासाचा तास खिडकीतून ऐकतो. फुकट!

* * *

चौथीला धुळ्याच्या नव्या बाई आल्या. वय माझ्या नातीएवढं. पोरांना पहिल्याच दिवशी शिकवलं, कोणी काही सांगितलं की विचारायचं, "पुरावा काय?"

मी फाटकावर चौथीतल्या आरोहीला सांगत होतो, "लहानपणी मी इथं वाघ मारले."

"पुरावा काय, आबा?"

"आता दिसतो का एक तरी वाघ?"

पोरगी इकडंतिकडं वाघ शोधायला लागली! तेवढ्यात खिडकीतून बाई म्हणाल्या, "आबा, डायनासोरही तुम्हीच मारले का?"

बठ्ठी पोरं, झाडून सगळी, खो खो हसली. माझं फाटक, माझी पोरं, आणि टाळ्या बाईंना! माझा जळून कोळसा.

* * *

बाईंनी व्हरांड्यात दोरी बांधली. पोरांनी घरच्यांची जन्मसालं चिठ्ठ्यांवर लिहून क्रमाने चिमट्यांनी अडकवली. आधी आजोबा, मग बाप, मग आपण.

मधल्या सुट्टीत मी चिठ्ठ्या फिरवल्या.

तास सुरू झाला. म्हटलं, आता बाईंची फजिती! आरोही दोरीकडे बघून म्हणाली, "बाई, आजोबा माझ्यानंतर जन्मले. म्हणूनच रोज माझ्याकडं चॉकलेट मागतात!"

बाई इतक्या हसल्या की खडू पडला. पोरं आणखीनच खूश. माझी मेहनत वाया!

* * *

मग कोरीव लेखांचा धडा. बाई म्हणाल्या, "घरच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात ना? तोही लेखच. वाचून या."

झालं! संध्याकाळी पाच पोरी माझ्या स्वयंपाकघरात. आरोहीनं मोठं पातेलं उलटं केलं आणि ओरडली, "आबा, हाई पातेलं ते नानानं शे!"

माझ्या पोरीच्या लग्नात गावातल्या नानाकडून आणलेलं, परत द्यायचं राहिलं. बायको माझ्याकडे बघते, मी छपराकडे. दुसऱ्या दिवशी वर्गात आरोहीला शाबासकी, आणि गावभर माझी वरात!

* * *

हे सगळं मी गिळलं. पण पुढचं गिळवेना. गावाचा इतिहास सांगायला बाईंनी एका म्हाताऱ्याला वर्गात बोलवायचं ठरवलं. मी तीन दिवस दाढी करून फाटकावर बसलो.

बोलावलं नानाला!

नाना म्हणजे केळीवाला, माझा लंगोटीयार. परीटघडीचं धोतर नेसून आला. वर्गात त्याला खुर्ची दिली. जी खुर्ची मी तीस वर्षं पुसली, कधी टेकलो नाही, तिच्यावर नाना!

मी आधीच आरोहीला पढवून ठेवलं होतं. तिनं विचारलं, "नाना, तुम्ही चौथी किती वेळा केली?"

"तीनदा!" नाना छाती काढून म्हणाला. "मला शाळा फार आवडायची." पोरांनी टाळ्या पिटल्या. मी खिडकीचा गज आवळला.

मग नाना घंटेवर आला. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. "पाचोऱ्याच्या भंगारातून आणला. एस.टी. बंद होती. खांद्यावर घेऊन चालत आलो."

माझं डोकंच फिरलं. ती घंटाही स्वतःच्या नावावर घेतो हा आता!

आरोही उठली. "पुरावा काय?"

नानानं खिडकीकडे बोट केलं. "दुसरं टोक जेना खांदावर व्हतं, तो पहा, खिडकीमा उभा शे!"

पोरं धावत बाहेर आली आणि मला ओढत आत घेऊन गेली. बाई म्हणाल्या, "बसा आबा." पण खुर्ची एकच.

नाना उठला. धोतराच्या सोग्यानं त्यानं खुर्ची पुसली, तिची पाठ पुसली, तिचे हात पुसले.

मी म्हटलं, "नाना, कोपरा राहिला!"